रिमवरची पट्टी

सायकलच्या चाकात सगळ्यात कमी मान कुणाला असेल, तर तो रिमवरच्या पट्टीला. टायरवर कंपनीचं नाव ठळक छापलेलं असतं. हबची टिकटिक लोक एकमेकांना थांबवून ऐकवतात. पट्टी मात्र टायरच्या आत, ट्यूबच्या खाली, कायम अंधारात. साध्या सायकलीत ती रबराची नाहीतर सुती कापडाची असते आणि तिला एकच काम असतं: स्पोकच्या निपलांची टोकं ट्यूबला टोचू द्यायची नाहीत.

ट्यूबलेस सायकलीत याच पट्टीला एकदम बढती मिळते. ट्यूब काढून टाकली की हवा धरून ठेवायची जबाबदारी टायरवर, टायरमध्ये ओतलेल्या रबरी चिकावर म्हणजे सीलंटवर, आणि रिमवर येते. पण रिमला तर स्पोकसाठी २८ किंवा ३२ भोकं पाडलेली असतात. ती बुजवायची कुणी? पट्टीने. कालपर्यंत जी नुसती चादर होती, ती आज भिंत झाली.

मी डोंबिवलीत राहतो, ऐरोलीच्या एका कंपनीत कोड लिहितो आणि रविवारी पहाटे सायकल घेऊन मुरबाडच्या रस्त्याला नाहीतर ठाण्यात येऊरच्या चढावर जातो. मुरबाडकडे बाभळीचे काटे, भिवंडी बायपासला ट्रकच्या फुटलेल्या टायरांतून निघालेल्या बारीक पोलादी तारा, असा आमच्याकडचा पंक्चरचा मेनू आहे. म्हणून चाकं ट्यूबलेस करायला घेतली आणि टेपपाशी येऊन अडलो. खास सायकलसाठी म्हणून येणारा परदेशी टेप, छोटासा रोल, किंमत हजाराच्या घरात. हार्डवेअरच्या दुकानातला टेप पन्नास रुपयांना. हा मधला फरक नेमका कशाचा आहे? या प्रश्नामागे लागून मी १८४५ सालापर्यंत मागे गेलो आणि परत येताना थेट शहाड स्टेशनला उतरलो.

१८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. वय वर्षं २३. आत रबर चढवलेल्या कापडाची नळी, बाहेर चामड्याचं आवरण. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना ही चाकं लावून त्याने ती चालवूनही दाखवली. पण पेडलची सायकल अजून जन्मायची होती, रबर महाग होतं, आणि थॉमसन विस्मरणात गेला. इतका, की १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हीच कल्पना पुन्हा शोधून पेटंट मिळवलं आणि दोन वर्षांनी त्याला कळलं की, आपल्या आधी चार दशकं एक जण हे करून बसलाय. पेटंट रद्द झालं, नाव मात्र डनलॉपचंच राहिलं.

डनलॉपच्या पहिल्या टायरची एक अडचण होती. तो रिमला कापडाने गुंडाळून, चिकटवून टाकलेला असे. पंक्चर झालं की सगळं उकलायचं, ठिगळ लावायचं, पुन्हा चिकटवायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला मिशलाँ बंधूंच्या कारखान्यात असाच एक पंक्चर टायर दुरुस्तीला आला आणि त्या खटाटोपाला वैतागून त्यांनी काढता येणारा टायर बनवला. १८९१ मध्ये शार्ल तेराँ पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत हाच टायर लावून जिंकला. ठाण्या-कल्याणचे जे सायकलवाले आज ब्रेव्हे करतात, त्यांच्यातल्या अनेकांचं स्वप्न हीच पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस असतं, म्हणून ही आठवण. त्याच सुमारास, १८९० मध्ये, इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्चने टायरच्या काठात तार घातली आणि रिमच्या मधोमध खळगा ठेवला. टायर चढवताना एका बाजूची तार खळग्यात ढकलायची, म्हणजे दुसऱ्या बाजूला ढील मिळते. तुमच्या घरच्या सायकलचा टायर आजही असाच चढतो. रिमची पट्टी बसते ती त्याच खळग्यात.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. ट्यूबलेस ही नवी गोष्ट आहे असं आपण समजतो. पण अमेरिकेत १८९० च्या दशकापासून जवळजवळ चाळीस वर्षं बहुतेक सायकलींना वेगळी ट्यूबच नव्हती. टायर म्हणजे एक बंद रबरी नळी, बागेला पाणी घालायच्या पाइपासारखी, रिमला चिकटवलेली. पंक्चर झालं तर बाहेरूनच भोकात रबराचा बोळा खुपसायचा. गळती थांबवणारे द्राव आत सोडायला मिळत, ते वेगळंच. म्हणजे आज आपण ट्यूबलेसचं ‘किट’ म्हणून जे विकत घेतो, प्लग आणि सीलंट, ते पणजोबांच्या काळात होतं. मग ते मेलं का? कारण बोळा टिकत नसे आणि मोठी चीर पडली तर अख्खा टायर फेकावा लागे. १९३३ मध्ये श्विन कंपनीने जाड बलून टायर आणला, आत वेगळी ट्यूब घातली, आणि काही वर्षांत तो जुना प्रकार संपला.

ट्यूब जिंकली ती दोन कामं वेगळी केल्यामुळे. हवा धरायचं काम ट्यूबचं, वजन आणि रस्ता झेलायचं काम टायरचं. एकात बिघाड झाला तर दुसऱ्याला हात लावायचा नाही. आमच्या धंद्यात चांगला कोड लिहिण्याचं पहिलं सूत्र हेच आहे.

भारतात सायकल आली ती ट्यूबसकट. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून १९२८ मध्ये मुंबईत परतले. इराण, इराक, सिनाईचं वाळवंट, पुढे युरोप, अमेरिका, जपान, चीन. ठिगळ लावता येणारी ट्यूब नसती तर हा प्रवास कुठल्या वाळवंटात थांबला असता याचा विचार मी एक्सेलमध्ये करून पाहिला आणि सोडून दिला.

सायकली तेव्हा विलायती: रॅले, बीएसए, हर्क्युलिस, हंबर. टायर-ट्यूबसाठी डनलॉपने १९३६ मध्ये बंगालात साहागंजला कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मुंबईत वरळीला हिंद सायकल्स उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, लुधियानाला हिरो. हिंद सायकल्स पुढे डबघाईला आली आणि १९८० मध्ये संसदेने खास कायदा करून ती आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. वरळीच्या काचेच्या टॉवरांमध्ये उभं राहून इथे कधी सायकली बनत होत्या हे सांगितलं, तर माझ्या ऑफिसातल्या कुणाला खरं वाटत नाही.

या सगळ्यांची काळी सायकल एकाच ठेवणीची: २८ इंची चाक, पुढे ३२ स्पोक, मागे ४०. म्हणजे एका सायकलला ७२ निपलं आणि त्यांच्यावर पसरलेल्या दोन पट्ट्या. कंपनीची पट्टी झिजली की नवी कुणी घेत नसे. पंक्चरवाला जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापायचा, मधे व्हॉल्व्हपुरतं भोक पाडायचा आणि बसवून द्यायचा. डोंबिवलीत मानपाडा रस्त्याला आणि कल्याणात मुरबाड रस्त्याला अजून अशी दुकानं आहेत. दुकान म्हणजे काय, तर एक घमेलं पाणी, हातपंप, कानस, सोल्यूशन, आणि खिळ्याला टांगलेल्या मेलेल्या ट्यूबा. वीज लागत नाही, परवाना लागत नाही, शाळा लागत नाही. दूधवाला, पाववाला, भिवंडीच्या यंत्रमागावर रात्रपाळीला जाणारा कामगार, यांना कामावर वेळेत पोचवलं ते या घमेल्याने. भारतात सायकल गरिबाची झाली, याचं श्रेय कारखानदारांना भरपूर दिलं गेलंय. मी त्यातलं निम्मं त्या कापता येणाऱ्या, चिकटवता येणाऱ्या ट्यूबला देईन.

मोटारींनी ट्यूब आधी टाकली. अमेरिकेत बीएफ गुडरिचच्या फ्रँक हर्झेगला १९५२ मध्ये ट्यूबलेस टायरचं पेटंट मिळालं. मोटारीला ते सोपं गेलं, कारण तिची रिम पत्र्याची, अखंड. स्पोकच्या चाकाला ते जमेना. आपल्याकडे मोटरसायकलींतही अलॉय चाकांना ट्यूबलेस टायर सर्रास मिळू लागले तेव्हा स्पोकवाल्या बहुतेक गाड्यांत ट्यूबच राहिली. अडचण एकच, भोकं.

सायकलीत यावर पहिला मोठा तोडगा आला १९९९ मध्ये. माविक, मिशलाँ आणि हचिन्सन या तीन फ्रेंच कंपन्यांनी मिळून अशी रिम काढली, जिच्या टायरकडच्या भिंतीला भोकंच नव्हती. फार देखणं काम, आणि फार महाग. मग अमेरिकेत स्टॅन कोझियाटेक नावाच्या माणसाने २००१ च्या सुमारास उलटा विचार विकायला सुरुवात केली: साधी भोकवाली रिमच घ्या, भोकांवर एक पिवळा टेप लावा, आत रबराचा चीक ओता. ज्यांना तेवढेही पैसे घालायचे नव्हते त्यांनी लहान मुलांच्या सायकलची २० इंची ट्यूब घेतली, मधून उभी चिरली आणि मोठ्या रिमवर ताणून बसवली. ट्यूबच्या पट्टीची ही युक्ती परदेशी माउंटन बाइकवाले अभिमानाने एकमेकांना शिकवत होते. आपल्या पंक्चरवाल्याला तीत नवं काही दिसलं नसतं.

तर टेप. आधी साधं गणित करू. दुहेरी भिंतीच्या रिमला टायरकडच्या बाजूने पडलेलं भोक साधारण साडेआठ मिलिमीटर व्यासाचं असतं. क्षेत्रफळ झालं ५७ चौरस मिलिमीटर. टायरमध्ये ४० पीएसआय हवा असेल तर प्रत्येक भोकावर टेपला सुमारे दीड किलोचं ओझं झेलावं लागतं. रोड बाइकसारखी १०० पीएसआय भरली तर चार किलो. एका नखाएवढ्या जागेवर, रात्रंदिवस, खालून आधार काहीच नाही. टेप थोडा जरी ताणला गेला तरी तो भोकात खाली उतरतो, कडेला पातळ होतो आणि एक दिवस फाटतो. म्हणजे टेप चिकट किती यापेक्षा, ओझ्याखाली तो किती लांबतो हा खरा प्रश्न.

आणि इथेच शहाड येतं. कल्याणच्या पुढे लोकल शहाडला थांबते, मग आंबिवली. शहाडला सेंच्युरी रेयॉन, आंबिवलीजवळ मोहन्याला एनआरसी म्हणजे नॅशनल रेयॉन. एकेकाळी गाडी त्या पट्ट्यातून जाताना सडक्या कोबीसारखा वास यायचा, तो रेयॉनसाठी लागणाऱ्या कार्बन डायसल्फाइडच्या प्रक्रियेचा. या कारखान्यांत नुसतं साड्यांचं रेशीम बनत नव्हतं, टायर कॉर्डही बनत होती. टायर म्हणजे नुसतं रबर नाही, त्याच्या पोटात धाग्यांचं कापड असतं आणि हवेचा दाब खरा तेच झेलतं. पूर्वी ते सुती असे. मग रेयॉन आलं, मग नायलॉन. कल्याणची ही दोरी मुख्यतः ट्रक-बसच्या टायरांसाठी.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, शहाडच्या बाजूला टायर कॉर्डच्या खात्यात नोकरी केलेले. मी त्यांना विचारलं, “काका, लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा ट्रकचा दाब कसा सहन करतो?” ते म्हणाले, “अरे, आम्लाच्या टाकीतून निघतो तेव्हा तो धागा नसतोच, शेवई असते. मग त्याला खेचायचा. खेचलास तर धागा, नाहीतर शेवई.” शास्त्राच्या भाषेत: सेल्युलोजच्या लांब साखळ्या आधी गुंतवळासारख्या पडलेल्या असतात. ओल्या अवस्थेत खेचलं की त्या एका दिशेने रांगेत येतात. रांगेत आलेली साखळी पुढे सहजी लांबत नाही.

स्टॅनच्या पिवळ्या टेपचं रहस्य हेच निघालं. तो पॉलिप्रॉपिलीनचा, पण कारखान्यातच एका दिशेने खेचून ठेवलेला. जो काही लांबायचा तो आधीच लांबून झालाय. असा टेप मुळात सायकलसाठी बनलेलाच नव्हता. तो बांधणीचा टेप: जड खोकी, पत्र्यांच्या चवडी, पाइपांचे जुडगे आवळायला. नवा फ्रिज घरी आला की आतल्या काचा आणि ट्रे हलू नयेत म्हणून लावलेला निळा किंवा पांढरा टेप आठवतो? त्याच जातीचा. खाकी पॅकिंग टेपही पॉलिप्रॉपिलीनचाच, पण तो दोन्ही दिशांना खेचलेला आणि फार पातळ. आडनाव एक, स्वभाव वेगळा.

मला नुसतं वाचून चैन पडत नाही. एक भंगार रिम होती, तिच्यावर तुकड्या-तुकड्याने पाच टेप लावले, वर ट्यूब-टायर चढवून ६० पीएसआय हवा भरली आणि मे महिन्यातला एक आठवडा गॅलरीत उन्हाला टांगली. वायरमनचा काळा टेप आठवड्यात प्रत्येक भोकात इडलीपात्रासारखा बसला होता आणि त्याचा गोंद कडेने पाझरला होता. त्याचं काम विजेच्या तारेभोवती ताणून बसणं. तो ताणला जाणारच, त्याला दोष नाही. खाकी टेप दोन भोकांवर फाटला. कापडी डक्ट टेप शाबूत राहिला, पण जाड, आणि काढताना निम्मा गोंद रिमवर ठेवून गेला. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो पिवळट काचेसारखा पॉलिइमाइड टेप, ज्याला सगळे कॅप्टन म्हणतात (नाव कॅप्टॉन), अजिबात ताणला नव्हता. मात्र तो इतका कडक की रिमच्या खळग्यात नीट बसत नाही आणि कडेला जरा खरचटलं तर सरळ उभा फाटत जातो. बांधणीच्या टेपवर भोकांच्या जागी फक्त अंधुक वर्तुळं होती.

निवड झाली. रुंदी रिमच्या आतल्या मापापेक्षा तीन-चार मिलिमीटर जास्त हवी, म्हणजे खळग्यात उतरूनही दोन्ही कडांना भिंतीपर्यंत पोचते. माझी रिम आतून २१ मिलिमीटर, टेप घेतला २५ चा. मशीद बंदरला पॅकिंगच्या सामानात असे रोल मिळतात, ६६ मीटरचे, त्यात सायकल क्लबातल्या सगळ्यांची चाकं होतात. रिम आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. हे काम पावसाळ्यात शक्यतो काढू नका. आपल्याकडच्या जुलैत रिमवर न दिसणारा ओलावा धरतो आणि गोंद तिथेच हरतो. टेप लावताना जोर काढून ताणायचा. व्हॉल्व्हचं भोक ब्लेडने कापायचं नाही: एका दिशेने खेचलेल्या टेपला चीर मिळाली की तो लांबीच्या दिशेने उसवतो. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने गोल वितळवायचं. इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठे ना कुठे कामी येतात.

एक वेढा की दोन? इथे मात्र जपून. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर या शर्यतीत बेल्जियमचा थॉमस डी गेंट पडला. त्याचा ट्यूबलेस टायर हुक नसलेल्या रिमवरून निसटला होता. तिथे कारण टेप नव्हतं, पण त्यानंतर टायर आणि रिम यांच्या मापातल्या बारीक फरकांवर जगभर वाद पेटला. हुकलेस रिमला ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआयची मर्यादा आहे, ती का, हे बऱ्याच जणांनी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. टायरची तार रिमवर जिथे बसते तिथे टेपचा प्रत्येक थर तिचा व्यास वाढवतो. जाड टेपचे तीन वेढे दिले तर टायर चढवताना बोटं सोलवटतील आणि चढला तरी तो जागेवर बसलाय की नाही सांगता येणार नाही. टेपशिवाय सैल राहिला तर माळशेज उतरताना वळणावर निसटू शकतो. मी पुढे एक वेढा दिला, मागे दोन, आणि हवा ४० च्या वर नेत नाही.

माळशेजचं नाव उगाच घेतलं नाही. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत घाटाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ आमच्या भागातल्या सायकलवाल्यांचा लाडका. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने केली. आपल्याकडे लांबच्या सायकलिंगचं वेड वाढलं त्यात या बातम्यांचा मोठा वाटा आहे. पण चाळीस-पन्नास किलोमीटर बाहेर आलात आणि टेपने दगा दिला, तर रस्त्यावरचा कुठलाही पंक्चरवाला तुमची मदत करू शकत नाही. त्याचं घमेलं तुमच्या चाकापुढे निकामी असतं. दीडशे वर्षांत रस्त्याच्या कडेला साठलेलं शहाणपण आपण हजार-दोन हजारांच्या किटमध्ये घालून स्वतःच्या पाठपिशवीत घेतलंय. मी ट्यूबलेस सोडणार नाही, काट्यांचा त्रास खरंच संपलाय. पण पिशवीत एक ट्यूब कायम असते.

शहाडच्या गोष्टीचंही एक शेपूट राहिलं. ट्रकच्या टायरांत रेयॉन गेलं, नायलॉन आलं, मग रेडियल टायर आले आणि त्यांच्या पोटात पोलादी तारा. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. थकलेल्या देण्यांसाठी कामगारांचा झगडा पुढे वर्षानुवर्षं चालला. सेंच्युरी रेयॉन चालू आहे. भिवंडी बायपासला माझ्या टायरात घुसायच्या त्या बारीक तारा म्हणजे कल्याणच्या दोरीची जागा घेतलेलं पोलाद. काकांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “आमच्या धाग्याने कधी कुणाला पंक्चर नाही केलं.”

मागच्या महिन्यात मुरबाड रस्त्याच्या एका दुकानात हवा भरायला थांबलो. दुकानदार साठीचे. रिमकडे, मग व्हॉल्व्हकडे बघून म्हणाले, “भाऊ, आत काय घातलंय?” मी पिशवीतला उरलेला टेप दाखवला. त्यांनी तो बोटांवर गुंडाळून ओढून पाहिला, दातांनी तोडायचा प्रयत्न केला, मग एक मीटर मागितला. समोर एका दूधवाल्याची काळी सायकल उलटी उभी होती, मागची रिम गंजून निपलं वर आलेली. माझ्यासमोर त्यांनी टेप त्या रिमवर चढवला, आणि वरून, सवयीने, जुन्या ट्यूबची पट्टीही घातली.

“दोन्ही कशाला, काका?” मी विचारलं.

“तुझी नवी आहे,” ते म्हणाले. “हिची मला खात्री आहे.”